दक्षिणा, बक्षीस आणि कृत्तिका

तळेगाव दाभाडे स्थानकावर उतरून चाकणच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात इंद्रायणीच्या काठचे इंदुरी गाव लागते. गावात एक भुईकोट किल्ला आहे. बुरुज आणि तटबंदी आता बरीच पडली असली, तरी भक्कम दरवाजा अजून उभा आहे आणि आत कडजाई देवीचे देऊळ आहे. जवळच भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. तुकोबा चिंतनाला जात असत तोच हा डोंगर. मावळातल्या विद्यार्थ्यांना हे सारे सांगायची गरज नाही, त्यांच्या सहली इथेच येतात.

हा किल्ला सेनापती खंडेराव दाभाडे यांचा. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव लढायांच्या संदर्भात येते. १७१७ साली शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले, हेही तुम्ही वाचले असेल. पण आपल्या मासिकाच्या दृष्टीने दाभाड्यांची एक निराळीच गोष्ट महत्त्वाची आहे. दरवर्षी श्रावण महिन्यात तळेगावास विद्वान ब्राह्मणांना बोलावून त्यांच्या विद्येचा मान म्हणून द्रव्य देण्याची प्रथा खंडेरावांनी पाडली. या द्रव्याला म्हणत ‘दक्षिणा’. पुढे या दक्षिणेची कितीतरी रूपांतरे झाली, आणि त्यांतूनच मराठीतील शास्त्रीय व ललित पुस्तकांना सरकारी बक्षीस देण्याची पहिली मोठी योजना निघाली. शाळेत गॅदरिंगला बक्षीस घेताना, किंवा एखाद्या शास्त्रज्ञाला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाल्याची बातमी वाचताना, आपल्याकडे या गोष्टीची एक पाळेमुळे मावळात रुजलेली आहेत हे कुणाच्या मनातही येत नाही.

१७३१ साली डभईच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव दाभाडे बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले. दाभाड्यांचे वैभव ओसरू लागले आणि दक्षिणेचा समारंभ तळेगावाहून पुण्यास आला. पेशव्यांच्या काळात तो इतका वाढला, की पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ म्हणजे मोठे आवार बांधावे लागले. दूरदूरच्या प्रांतांतून हजारो ब्राह्मण येत. लाखो रुपये वाटले जात. जे खरे विद्वान असत त्यांची वेद, व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक अशा विषयांत परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. बाकीच्यांना आत आल्याबद्दल थोडेफार मिळे.

माधवराव पेशव्यांच्या वेळी ही व्यवस्था रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे होती. त्यांची एक आख्यायिका सांगतात. दक्षिणा घेणाऱ्यांत एकदा रामशास्त्र्यांचे सख्खे भाऊ आले. शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून त्यांना वीस रुपये द्यावेत, असे नाना फडणिसांनी सुचवले. रामशास्त्र्यांनी दोनच रुपये दिले. भाऊ विशेष विद्वान नाहीत, तेव्हा दक्षिणा इतरांइतकीच. भावाच्या नात्याने काय द्यायचे ते मी घरी माझ्या पदरचे देईन, असे त्यांचे म्हणणे. गोष्ट अक्षरशः अशीच घडली असेल किंवा नसेल, पण लोकांनी ती दोनशे वर्षे जपून ठेवली. बक्षीस देणाऱ्याचा हात सरळ असावा लागतो, हे लोकांना चांगलेच कळत होते.

पाठांतराचे गणित

दक्षिणा मुख्यतः कशाबद्दल मिळे? ग्रंथ मुखोद्गत असण्याबद्दल. आज पाठांतराला आपण नाके मुरडतो. पण छापखाना नव्हता त्या काळी ज्ञान टिकवणे हेच मोठे काम होते, आणि त्यासाठी वैदिकांनी योजलेला उपाय गणिताच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखा आहे.

एका ओळीत शब्द आहेत असे समजा आणि त्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक द्या. नुसते सरळ म्हटले तर एखादा शब्द गळाला किंवा मागेपुढे झाला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही. म्हणून ‘जटा’ पाठात १-२, २-१, १-२ असे म्हणून मग २-३, ३-२, २-३ असे पुढे सरकतात. ‘घन’ पाठ आणखी कठीण. त्यात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ हा पहिला गट. मग २ पासून तसाच दुसरा गट, ३ पासून तिसरा. एका गटात १३ उच्चार होतात. आता कागद घ्या आणि मोजा: ओळीच्या मधला कोणताही एक शब्द एकूण किती वेळा येतो? गटात पहिला असताना ५ वेळा, दुसरा असताना ५ वेळा आणि तिसरा असताना ३ वेळा, म्हणजे १३ वेळा; आणि तोही दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसह, उलटसुलट क्रमाने. एका ठिकाणी चूक झाली तर दुसऱ्या बारा ठिकाणी ती उघडी पडते. संगणक एकमेकांना माहिती पाठवतात तेव्हा चूक पकडता यावी म्हणून मूळ माहितीबरोबर काही जादा आकडे पाठवतात. तत्त्व तेच आहे: मुद्दाम पुनरुक्ती करायची आणि तिच्या आधाराने चूक शोधायची.

तेव्हा घनपाठी विद्वानाला दक्षिणा मिळाली यात गैर काही नव्हते. उणीव दोन बाबतींत होती. ही विद्या आणि ही दक्षिणा एकाच जातीच्या पुरुषांपुरती होती. शेतकरी, कारागीर, स्त्रिया यांना रमण्याचे दार बंद. आणि दुसरे, जे ज्ञान आधीच आहे ते जपणाऱ्यालाच येथे मान होता. जे अद्याप कुणालाच ठाऊक नाही ते शोधून काढ आणि बक्षीस घे, असे आव्हान रमण्यात कुणी दिले नाही.

असे आव्हान त्याच दशकात दुसरीकडे दिले गेले होते. खंडेराव सेनापती होण्याच्या तीन वर्षे आधी, १७१४ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. समुद्रावर असताना जहाजाचे रेखांश अर्ध्या अंशाच्या आत अचूक सांगण्याची रीत जो दाखवील त्याला ते मिळायचे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. निघालेल्या बंदराची वेळ दाखवणारे बिनचूक घड्याळ जहाजावर असेल तर तेथील वेळ आणि सूर्यावरून काढलेली स्थानिक वेळ यांतील फरकावरून रेखांश निघतात. अर्धा अंश म्हणजे २ मिनिटे, म्हणजे १२० सेकंद. वेस्ट इंडीजचा प्रवास सहा आठवड्यांचा धरला तर ४२ दिवसांत १२० सेकंद, म्हणजे रोज तीन सेकंदांहूनही कमी चूक! डुलणाऱ्या जहाजावर असे घड्याळ चालणे अशक्य, असे मोठमोठ्या विद्वानांना वाटत होते. ते करून दाखवले जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने. आणि गंमत पाहा, बक्षीस ठरवणाऱ्या मंडळात आकाशावरून रेखांश काढण्याच्या बाजूचे ज्योतिर्विद होते. सुताराला पैसे देताना मंडळाने इतक्या अटी घातल्या, की उरलेली रक्कम १७७३ साली पार्लमेंटने मध्ये पडून द्यावी लागली. तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचा होता.

रमण्यातून पाठशाळेत

१८१८ साली पेशवाई संपली. दक्षिणा एकदम बंद केली तर लोक बिथरतील हे माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टनने ओळखले होते. त्याने ती चालू ठेवली, पण कमी करून. आणि अधिक उपयुक्त शास्त्रांत प्रवीण असलेल्यांकडे पैसा वळावा असे धोरण सुचवले. याच निधीच्या आधारे १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचे रूप बदलत बदलत पुढे डेक्कन कॉलेज झाले. शास्त्रीमंडळी वारत गेली तसतसा दक्षिणेचा पैसा शिल्लक पडू लागला. आता या शिलकीचे काय करायचे?

१८४९ साली पुण्यातील काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. त्यांत गोपाळ हरी देशमुख, म्हणजे ‘लोकहितवादी’, हे प्रमुख होते. त्यांची मागणी अशी, की दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा आणि त्याला जातीची अट नसावी. शहरात मोठी खळबळ उडाली. हे तरुण ब्राह्मण असून ब्राह्मणांचा हक्क बुडवतात, अशी ओरड झाली. सुधारकांना मारहाण होईल अशी भीती होती. तेव्हा जोतीराव फुले दोनशे माणसे घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. जोतीराव तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि मुलींची शाळा काढून वर्ष-दीड वर्षच झाले होते. एका पुस्तक-बक्षिसासाठी दोनशे माणसांचा पहारा लागावा, यावरून भांडण केवढ्या गोष्टीचे होते ते समजेल. पैसा थोडाच होता. पण विद्या कोणत्या भाषेत असावी आणि ती कुणाची, हा त्यातला खरा वाद होता.

मागणी मान्य झाली. दक्षिणा प्राइझ कमिटी नेमण्यात आली. पुढे निधीतील आणखी भाग कॉलेजातील हुशार पदवीधरांना ‘फेलो’ म्हणून देण्यात येऊ लागला; रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. कमिटीचे चिटणीसपद काही काळ कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे होते. कृष्णशास्त्र्यांनी स्वतः ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ हे पुस्तक लिहिले. नाव उच्चारताना धाप लागते खरी, पण आत निरनिराळ्या शास्त्रांची तत्त्वे मराठीत समजावून दिली आहेत. त्या काळी मराठीत विज्ञान लिहायचे म्हणजे आधी शब्द घडवायचे. आज तुमच्या पुस्तकात सहजपणे येणाऱ्या कितीतरी संज्ञा त्या पिढीने घासूनपुसून तयार केल्या आहेत.

एका शिक्षकाचा ग्रंथ

या कमिटीच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर मी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे नाव घेईन.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावचा. परिस्थितीमुळे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. सारा जन्म शाळामास्तरकीत गेला. आज या गावी तर उद्या त्या गावी बदली. कॉलेज नाही, वेधशाळा नाही. अशा माणसाने ज्योतिषाचा अभ्यास आपल्या आपण केला.

त्या वेळी पंचांगांचा वाद पेटला होता. जुन्या ग्रंथांवरून गणित करून दिलेल्या ग्रहांच्या जागा आणि प्रत्यक्ष आकाशातील जागा यांत फरक पडू लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली नव्या युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, तरी जुने सोडायला पुष्कळांचा विरोध होता. कोण बरोबर? जुने ग्रंथ केव्हा लिहिले गेले, त्यांतले आकडे कुठून आले आणि ते चुकू का लागले, हे समजल्याशिवाय या वादाचा निकाल लागणार नव्हता. या विषयावरच्या ग्रंथाला दक्षिणा प्राइझ कमिटीने बक्षीस लावले. हे आव्हान नव्या तऱ्हेचे होते. जे पाठ आहे ते म्हणून दाखवा असे त्यात नव्हते. जे कुणी अजून नीट शोधलेले नाही ते शोधा, असे त्यात होते.

दीक्षितांनी ग्रंथ लिहिला, त्याला बक्षीस मिळाले, आणि १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून तो बाहेर पडला. नाव ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षित वारले. पण त्यांचा ग्रंथ वाचण्यासाठी परदेशी पंडित मराठी शिकल्याच्या गोष्टी सांगतात. त्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ साली निघाले आणि पुढे भारत सरकारच्या वेधशाळा खात्याने इंग्रजी भाषांतर दोन भागांत, १९६९ व १९८१ साली, प्रसिद्ध केले. मराठीतून इंग्रजीत विज्ञानग्रंथ जाण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला हा एक.

त्यातील एक युक्तिवाद इथे देतो, कारण तो तुम्ही स्वतः तपासू शकता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांविषयी एक उल्लेख आहे, की त्या पूर्वेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी विचारले, हे खरे केव्हा होते? नेमका पूर्वेला तोच तारा उगवतो जो आकाशातील विषुववृत्तावर असतो. आज कृत्तिका तेथे नाहीत. त्या बऱ्याच उत्तरेला आहेत. कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात, म्हणजे एका अंशाला साधारण ७२ वर्षे. यालाच संपातचलन म्हणतात. कृत्तिका विषुववृत्तावर होत्या तेव्हापासून आजपर्यंत संपात सुमारे ६९ अंश सरकला आहे. आता गुणाकार करा. ६९ गुणिले ७२ बरोबर ४,९६८. म्हणजे ते वाक्य खऱ्या निरीक्षणावरून आले असेल तर ते निरीक्षण सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. सगळे विद्वान हा काळ मानत नाहीत; त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा का, यावर वाद आहे. तो असू द्या. पण एका ओळीच्या वाक्याला आकाशाचे घड्याळ लावून काळ विचारण्याची रीत पाहा! हातात दुर्बीण नसलेल्या एका शाळामास्तराने ती वापरली.

ऑक्टोबरच्या अखेरीस एखाद्या निरभ्र रात्री, वडीलधाऱ्यांना किंवा गुरुजींना बरोबर घेऊन, पूर्वेकडे क्षितिज मोकळे दिसेल अशा उंच जागी जा. इंदुरी-तळेगावकडच्यांना टेकड्यांची वाण नाही. ध्रुवताऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि उजवा हात सरळ बाजूला पसरा, ती पूर्व. साडेसात ते आठच्या दरम्यान कृत्तिकांचा झुबका वर येईल. तो तुमच्या हाताच्या टोकाशी नसेल, पुष्कळ डावीकडे असेल. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. हाताच्या टोकापासून किती मुठी अंतर पडते ते मोजा. आपल्या अक्षांशावर सुमारे २५ अंश, म्हणजे अडीच मुठी यायला हव्यात. वीस किंवा तीस आले तरी निराश होऊ नका. वर्गातल्या दहा जणांची सरासरी काढा.

नापसंत झालेले नाटक

याच कमिटीच्या इतिहासात एक दुसरे पानही आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. एका गरीब कुणब्याच्या घरी जोशी येतो. कुणब्याची बायको गरोदर आहे. ग्रह वाईट आहेत, शांत करा, ब्राह्मणभोजन घाला, असे सांगून तो त्या दोघांना घाबरवतो आणि कर्जात लोटतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. शिक्षण हा तिसरा डोळा, असा नावाचा रोख. कमिटीने नाटक पसंत केले नाही. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या पुस्तकात याविषयी स्वतः लिहिले आहे. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी त्यांची तक्रार आहे. ज्या बक्षिसासाठी सहा वर्षांपूर्वी या माणसाने दोनशे जणांचा पहारा उभा केला होता, तेच बक्षीस देणाऱ्यांच्या टेबलावरून त्याचे पुस्तक परत आले.

नाटक जोतीरावांच्या हयातीत छापलेच गेले नाही. ते छापून आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यापासून १२४ वर्षांनी.

दीक्षितांचा ग्रंथ आणि फुल्यांचे नाटक, दोन्हींचा विषय ग्रहच. एकाने ग्रहांचे गणित तपासले, दुसऱ्याने ग्रहांची भीती. शिक्षकांना विनंती, की नववी-दहावीच्या वर्गात या दोघांवर एक तास जरूर घ्यावा. कमिटीला पहिले पुस्तक पचले आणि दुसरे पचले नाही, असे का झाले असावे, हे मुलांनाच विचारावे.

नाव झाकून

परीक्षकाला लेखकाचे नाव दिसले की त्याचा हात थोडा वळतोच. कधी बाजूने, कधी विरुद्ध. त्यावर सोपा उपाय म्हणजे नाव झाकणे. याचे मराठीतले एक उदाहरण विज्ञानकथेतलेच आहे. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मग उघड झाले, की नारायण विनायक जगताप नावाचे कुणी नाहीत. लेखक आहेत डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. आपले हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. १९६५ सालीच पद्मभूषण मिळवलेला माणूस हा. त्याला बक्षिसाची गरज नव्हती. आपली कथा नावाच्या टेकूशिवाय उभी राहते का, एवढेच त्याला पाहायचे होते. हाही एक प्रयोगच, आणि चांगल्या प्रयोगासारखी त्यात इतर कारणे बाजूला काढलेली आहेत.

नारळीकरांना विज्ञान आणि साहित्य या दोन्हींसाठी राष्ट्रीय सन्मान मिळाले, ही आपल्या देशात दुर्मिळ गोष्ट. १९७८ साली भौतिक शास्त्रांसाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. २०१४ साली ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार. मधल्या काळात, १९९६ साली, विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ‘विज्ञानरत्न’ हा देशाचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला.

परक्या राज्यकर्त्यांकडून सुटलेल्या इतर देशांनाही आपले सन्मान नव्याने घडवावे लागले. आफ्रिकेतील नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला. आपल्या देशातील बुद्धिमत्तेची पारख लंडन-पॅरिसवाल्यांवर किती दिवस सोपवायची, हा प्रश्न तेथेही होता. १९७९ साली तेथे राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार सुरू झाला. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान आणि मानव्यविद्या, सर्व एकाच छत्राखाली. पहिला मान मिळाला कादंबरीकार चिनुआ अचेबे यांना. पुढे २००४ साली नायजेरिया एलएनजी या वायू कंपनीने विज्ञानासाठी एक आणि साहित्यासाठी एक अशी दोन मोठी पारितोषिके ठेवली. साहित्याचे पारितोषिक एका वर्षी कादंबरी, मग कविता, नाटक, बालसाहित्य असे फिरते असते. पहिल्याच वर्षी परीक्षकांनी साहित्याचे पारितोषिक कुणालाच दिले नाही. तेवढ्या योग्यतेचे पुस्तक आले नाही, एवढाच निकाल. वर्तमानपत्रांतून टीका झाली. मला मात्र तो निकाल रामशास्त्र्यांच्या दोन रुपयांच्या जातीचा वाटतो. एक गोष्ट मात्र खटकते. हे पारितोषिक इंग्रजी पुस्तकांसाठी आहे. हौसा, योरुबा, इग्बो या कोट्यवधी लोकांच्या भाषा त्याच्या दाराबाहेर राहतात. पुण्यातील तरुणांनी १८४९ साली जो अर्ज केला, तसा अर्ज तेथे कुणीतरी करायला हवा.

आपल्या राज्यात आता दरवर्षी मराठी पुस्तकांना राज्य वाङ्मय पुरस्कार दिले जातात. प्रत्येक विषयाच्या पुरस्काराला एकेका व्यक्तीचे नाव आहे. नाटकाला राम गणेश गडकऱ्यांचे, कादंबरीला हरी नारायण आपट्यांचे, आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळकांचे. विज्ञान व तंत्रज्ञानावरील पुस्तकाला जो पुरस्कार मिळतो, त्याचे नाव आहे महात्मा जोतीराव फुले पुरस्कार.